दहा पैशांचं वजन

तपकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे जिना चढताना भिंतीला हात लावावाच लागतो,
तिथे हुजैफाभाई बसतात.
त्यांनी कार्ट्रिज हातात घेतलंच नाही.
विचारलं, "ऐकणार कोण?"
मी म्हटलं, आम्ही दोघं.
"मग दोघांनी यायचं होतं."

कार्ट्रिज जुन्या बाजारातलं, एका बुधवारचं.
करड्या डबीत, कापसावर,
जपून ठेवलेल्या दुधाच्या दातासारखं.
अच्युतने घासाघीस केली नाही,
तेव्हाच कळलं, मनाने तो ते घरी घेऊन गेलाय.
घरी ॲम्प्लिफायर त्याच्या मित्राने जोडलेला,
स्पीकर सहकारनगरात कुणाची तरी बदली झाली त्यांचे,
टर्नटेबलचा दांडा हलका, खराट्याच्या काडीएवढा.
कुणाची कुणाशी ओळख नाही.
पत्रिका न बघता लग्न केलं आम्ही,
आणि आता साठीत मी वही घेऊन बसले:
सत्तेचाळीस किलोओहम,
दोनशे पिकोफॅरड,
सुईचा भार दोन ग्रॅम.

कागदावर जुळलं सगळं.
तबकडीवरच्या बाई "सजणा" म्हणाल्या
आणि माझ्या दाढेत कळ गेली.
अच्युत म्हणाला, झकास. जरा मोठं कर.

एकतीस वर्षं तो भोसरीला, प्रेस शॉपमध्ये.
दर चार सेकंदांनी दोनशे टन.
डॉक्टरांनी काढलेला त्याच्या कानांचा आलेख
विजेच्या बिलांच्या फाइलीत आहे;
चार हजारापाशी रेघ अशी उतरते
जशी कात्रजच्या जुन्या घाटात एस.टी.
मी तीच वर्षं बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये,
कानाला हेडफोन, समोर भोकंच भोकं.
फलटणहून बोलणारा माणूस
रडण्याआधी घेतो तो श्वास
मी खरखरीतून वेचून काढत असे,
तांदळातल्या खड्यासारखा.

दुसऱ्या खेपेला दोघं गेलो.
हुजैफाभाईंनी तार मोजली, दीड मीटर,
पाऊण ठेवली. "एवढीच चढते ती, बाई, तारेत."
मग ड्रॉवर उपसून एक नाणं काढलं,
दहा पैशांचं, झालरीच्या कडेचं, ॲल्युमिनियमचं.
अच्युत म्हणाला, माझ्याकडे चार आणे आहेत की, पाकिटात.
"पोलाद नको. आत चुंबक आहे, ओढाताण होईल."
नाणं दांड्याच्या टोकाला चिकटवलं,
मागचं वजन केसभर सरकवलं.
"सुई ताठ आहे तुमची.
ताठ माणसाला जड माणूस लागतो बरोबर."
आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

खाली उतरताना त्यांनी जिन्यातून हाक मारली:
"आणि एका सोफ्यावर बसू नका!"

म्हणून आता दिवाणखान्यात
सोफा भिंतीला, त्यावर धुतलेले कपडे.
अच्युत स्पीकरच्या थेट समोर, वेताच्या खुर्चीत,
जिथे टोकदार सूर नाकासमोर येतात.
मी बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराशी,
जिथे ते मऊ होऊन पोचतात.
चौतीस वर्षं खांद्याला खांदा लावून ऐकलं,
तेव्हा त्याचा चेहरा कधी दिसला नव्हता.
तानेच्या आधी तो ओठ मुडपतो.
जागा चुकली की, म्हणजे त्याला चुकली वाटली की,
भुवई उचलतो. बाईंना माफ करतो.

बाजारात न चालणारे दहा पैसे
वर-खाली होत राहतात, तबकडीच्या वाकासोबत.

मग बाजू संपते.
सुई शेवटच्या खोबणीत फिरत राहते, टक्,
टक्.
हे त्याला ऐकू येत नाही.
डोळे मिटून बसलेला असतो,
त्याच्या लेखी अजून काहीतरी चालू आहे.

सुई झिजते, मला माहीत आहे.
तरी मी लगेच उठत नाही.